महामारीतील ऑनलाइन शिक्षण आणि 'अनुभव' या शब्दाची व्याप्ती

'अनुभव' हा शब्द मराठी समीक्षेच्या जितक्या परिचयाचा आहे तितकाच तो शैक्षणिक पाहणीच्याही परिचयाचा आहे. परंतु दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक नाही. समीक्षक जेव्हा अनुभव म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कोणा एकाच्या वाट्याला आलेली, विशिष्ट काळात व विशिष्ट स्थळी घडलेली आणि त्या व्यक्तीपासून सुटी न करता येणारी अशी एक घटना असते. पाहणी करणारा जेव्हा तोच शब्द वापरतो तेव्हा त्याला बहुधा प्रश्नावलीतील एका विधानापुढे केलेली खूण अभिप्रेत असते. 2020 ते 2022 या काळात, आणि त्यानंतरही काही वर्षे, महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन शिक्षणाच्या अनुभवांवर विपुल लेखन झाले. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात, हे लेखन किती विश्वसनीय मानावे, आणि त्यातील 'अनुभव' या शब्दामागे कोणता विद्यार्थी उभा आहे, याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही. तो होणे अगत्याचे आहे. कारण याच लेखनाच्या आधाराने पुढील शैक्षणिक निर्णयांचे समर्थन केले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे 2021 मध्ये प्रसृत केलेल्या मिश्र अध्यापनाच्या टिपणात प्रत्येक अभ्यासक्रमाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन पद्धतीने शिकविण्याची कल्पना मांडली होती. विद्यार्थ्यांना ही पद्धती मानवते की नाही, या प्रश्नाचे उत्तर ज्या नोंदींवरून द्यावयाचे, त्या नोंदीच सदोष असतील तर त्यांवर उभारलेली व्यवस्थाही तशीच राहणार.

या लेखनाचा साचा आता सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. आरंभी महामारीचे जागतिक स्वरूप, नंतर 24 मार्च 2020 रोजी घोषित झालेली देशव्यापी टाळेबंदी, त्यानंतर ऑनलाइन शिक्षणाची व्याख्या. पुढे शे-दीडशे विद्यार्थ्यांकडून गूगल फॉर्मच्या द्वारे भरून घेतलेली प्रश्नावली, रंगीत वर्तुळाकृती, टक्केवारी. आणि अखेरीस ग्रामीण भागात पायाभूत सुविधा वाढवाव्यात अशी शिफारस. शिफारशीविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. किंबहुना ती इतकी निर्विवाद आहे की तिच्यासाठी पाहणीची आवश्यकता होती काय, असा प्रश्न पडावा. मुख्य आक्षेप निराळा आहे. ज्या विद्यार्थ्याजवळ दूरध्वनी नाही, किंवा असून त्यात डेटा नाही, किंवा डेटा असून गावात रेंज नाही, त्याचा अनुभव जाणून घेण्यासाठी त्याला एक दुवा पाठविण्यात आला. जो तो दुवा उघडू शकला त्याने उत्तर दिले. जो उघडू शकला नाही तो अल्पसंख्य उत्तरदात्यांतही आला नाही. तो मुळी मोजलाच गेला नाही. ज्या अभावाचा शोध घ्यावयाचा तोच अभाव शोधाच्या साधनाने आधीच चाळून बाजूस काढला. नदीचा उतार किती खोल आहे हे पैलतीरी सुखरूप पोहोचलेल्यांनाच विचारण्यासारखे हे झाले.

हा दोष किरकोळ नव्हे, हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून ध्यानात येते. 75 व्या फेरीत, म्हणजे जुलै 2017 ते जून 2018 या वर्षात, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी 4.4 टक्के कुटुंबांत संगणक होता आणि 14.9 टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. नागरी कुटुंबांसाठी हेच आकडे अनुक्रमे 23.4 व 42.0 असे होते. स्वस्त डेटामुळे पुढील दोन वर्षांत इंटरनेटचा आकडा वाढला असणार हे उघड आहे. परंतु तो कितीही वाढला असे मानले तरी टाळेबंदीच्या वेळी किनवट किंवा माहूर तालुक्यातील वाडी-तांड्यांवरचे प्रत्येक घर इंटरनेटशी जोडले गेले होते असे कोणी म्हणणार नाही. असे असता एखाद्या लेखात सर्वच उत्तरदात्यांकडे स्मार्टफोन असल्याचे आढळते, तेव्हा ती जिल्ह्याची माहिती ठरत नाही. ती केवळ साधनाची माहिती ठरते. लेखकाने तसे एका वाक्यात नमूद केले असते तरी पुष्कळ झाले असते. सामान्यतः ते वाक्य येत नाही. लेखाच्या शीर्षकात मात्र 'नांदेड जिल्ह्यातील विद्यार्थी' किंवा 'लातूर जिल्ह्यातील विद्यार्थी' असा सरसकट उल्लेख येतो.

उत्तर मिळविण्याच्या प्रसंगाचाही विचार केला पाहिजे. ऑक्टोबर 2020 मध्ये राज्यातील विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात झाल्या, आणि महाविद्यालयांतील अनेक चाचण्या त्याआधी व त्यानंतरही गूगल फॉर्मवरच घेतल्या गेल्या. अनुभवाची प्रश्नावलीही त्याच फॉर्मवर, त्याच अध्यापकाकडून, त्याच व्हॉट्सअॅप गटावर आली. आरंभी नाव, वर्ग व भ्रमणध्वनी क्रमांक विचारलेला. चार पर्यायांपैकी एक निवडावयाचा. अशा वेळी विद्यार्थी अनुभव सांगत नाही, तो परीक्षा देतो. आपल्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन अध्यापनाविषयी आपण 'समाधानी' आहोत की 'अत्यंत समाधानी' एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उरतो, आणि मराठवाड्यातील विद्यार्थ्याला 'सर' या संबोधनाचे जे वजन वाटते ते पाहता तो कोणता पर्याय निवडील हे सांगण्यास संख्याशास्त्राची गरज नाही. (मे व जून 2020 मध्ये याच फॉर्मवर प्रश्नमंजूषा सोडवून ई-प्रमाणपत्रे मिळविण्याची जी एक साथ महाविद्यालयांत पसरली होती तिचे स्मरण अनेकांना असेल. योगासनांपासून ग्रंथालयशास्त्रापर्यंत कोणत्याही विषयाचे प्रमाणपत्र घरबसल्या मिळे, आणि विद्यार्थ्यांइतकेच अध्यापकही ते मिळवीत.)

साधनाचे दोष दाखवून थांबता आले असते. पण या लेखनात त्याहून खोल असे एक न्यून आहे. नांदेड आणि लातूर येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने 'महाविद्यालयात जाणे' म्हणजे काय, हा प्रश्नच त्यात विचारलेला नाही. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याप्रमाणेच याही विद्यार्थ्याचे अध्यापन वर्गातून पडद्यावर आले, एवढेच त्यात गृहीत धरलेले आहे. वस्तुतः या प्रदेशातील उच्च शिक्षणाचा इतिहास हा अंतर कमी होत जाण्याचा इतिहास आहे. 1948 पूर्वी, निजामी राजवटीत, मराठवाड्यातील तरुणाला पदवी हवी असेल तर त्याने हैदराबाद गाठावे आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकावे, हा मुख्य मार्ग होता. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्याच वर्षी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. 1961 मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय आले. पुढे 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्वतंत्रपणे उभे राहिले आणि नांदेड, लातूर, परभणी (व नंतर त्यातून वेगळा झालेला हिंगोली) या जिल्ह्यांचे विद्यापीठ विष्णुपुरीच्या माळावर आले. आजोबांना हैदराबाद, वडिलांना औरंगाबाद, मुलाला नांदेड अशी ही मजल आहे. तालुक्याच्या गावी महाविद्यालय निघाल्यावर ती आणखी आखूड झाली. या क्रमात 2020 साली विद्यापीठ प्रत्यक्ष घरात, हातातील यंत्रात, आले. अंतर शून्य झाले असे वाटावे अशी ही स्थिती; आणि तरीही ज्यांनी ते दिवस काढले त्यांपैकी पुष्कळांना विद्यापीठ पूर्वी कधी नव्हते इतके दूर गेल्यासारखे वाटले. हा विरोधाभास समजावून घेणे हे अनुभवाच्या अभ्यासाचे पहिले कार्य होते.

त्याचे एक कारण असे की, लातूर व नांदेड येथे शिक्षण केवळ महाविद्यालयाच्या इमारतीत होत नाही. 'लातूर पॅटर्न' या नावाने जी अध्ययनपद्धती राज्यभर गाजली तिचे श्रेय शिकवणी वर्ग व महाविद्यालये यांना दिले जाते, ते योग्यही आहे. पण त्या पद्धतीचा खरा आधार म्हणजे गावाकडून आलेल्या मुलांनी भाड्याने घेतलेल्या खोल्या, खानावळी, अभ्यासिका, आणि एस. टी.च्या गाडीने गावाहून येणारा डबा. पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थीही याच व्यवस्थेत राहतात. तिघाचौघांत एक खोली, एकाचे पुस्तक सर्वांचे, एकाने केलेली टिपणे दुसऱ्याने उतरवून घ्यावयाची, स्पर्धा परीक्षेची जाहिरात कोणी तरी वाचून दाखवावयाची: ही सारी मिळून त्या विद्यार्थ्याची शिक्षणसंस्था असते. घरापासून थोडे दूर असणे हाही तिचा आवश्यक भाग आहे. कारण घरी असलेला मुलगा हा आधी शेतावरचा हात असतो आणि घरी असलेली मुलगी ही आधी चुलीजवळचा हात असते. मार्च 2020 मध्ये खोल्या रिकाम्या झाल्या, एस. टी. थांबली, डबा थांबला. विद्यार्थी आपापल्या गावी परतले. प्रश्नावल्यांतून विचारले गेले ते व्याख्यान कसे ऐकू आले याविषयी. खोली गेली, याविषयी एकही रकाना नव्हता.

दुसरी गोष्ट कालाची. 'महामारीतील अनुभव' असे एकवचनी नाव देऊन या लेखनाने दोन वर्षांचा काळ एका क्षणासारखा मानला आहे. त्यांपैकी बरेचसे लेख मे ते ऑगस्ट 2020 या चार महिन्यांतील माहितीवर आधारलेले आहेत. हे दिवस पुढील सर्व दिवसांहून वेगळे होते. त्या वेळी अंतिम वर्षाची परीक्षा होणार की नाही हेच ठरत नव्हते. आयोगाने 29 एप्रिल 2020 रोजी एक मार्गदर्शिका काढली. राज्य शासनाने जूनमध्ये परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली. आयोगाने 6 जुलै रोजी सुधारित मार्गदर्शिका काढून सप्टेंबरअखेर परीक्षा अनिवार्य केल्या. आणि 28 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, मात्र राज्यांना मुदतवाढ मागता येईल, असा निर्णय दिला. अशा अनिश्चिततेत सापडलेल्या विद्यार्थ्याला जून महिन्यात 'ऑनलाइन शिक्षणामुळे आपणास मानसिक ताण जाणवतो काय?' असे विचारले असता त्याने 'होय' म्हटले, तर तो ताण कशाचा होता? व्याख्यानांचा, की वर्तमानपत्रातील रोजच्या मथळ्यांचा? लेखकांनी तो ऑनलाइन अध्यापनाच्या खात्यावर जमा केला. उलट, जे विद्यार्थी 2020 साली प्रथम वर्षात आले आणि ज्यांनी महाविद्यालय प्रत्यक्ष पाहिले नव्हते, त्यांचा अनुभव या लेखांत येणे शक्यच नव्हते. आणि दीर्घ काळ टिकणारा असा अनुभव त्यांचाच होता.

त्यांची कालगणना जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. राज्यातील महाविद्यालये 15 फेब्रुवारी 2021 रोजी निम्म्या उपस्थितीने उघडली, आणि दुसऱ्या लाटेमुळे काही आठवड्यांतच पुन्हा बंद पडली. मग 20 ऑक्टोबर 2021 रोजी ती उघडली. शासकीय नोंदीप्रमाणे येथे ऑनलाइन पर्व संपते. परंतु ऑक्टोबरअखेर एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, नोव्हेंबरमध्ये तो राज्यभर पसरला आणि पुढे एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला. मुखेड, कंधार, जळकोट, देवणी या तालुक्यांतील खेड्यांतून पासावर ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी महाविद्यालय उघडले, पण रस्ता बंद झाला. खासगी जीपचे भाडे रोज देणे सर्वांना शक्य नव्हते. मध्यंतरी जानेवारी 2022 मध्ये तिसऱ्या लाटेने वर्ग पुन्हा काही आठवडे ऑनलाइन झाले ते वेगळेच. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने महामारीचे पर्व ऑक्टोबर 2021 मध्ये संपले नाही, आणि ते केवळ रोगामुळे लांबले असेही नाही. रोग, संप, शासनाचे आदेश आणि घरची अडचण हे सारे त्याच्या जीवनात एकाच दोरीत वळले गेले होते. तो पीळ उलगडून त्यातला एकच धागा 'तांत्रिक अडचणी' म्हणून मोजणे ही सोय झाली, शोध नव्हे.

ऑक्टोबर 2020 हा महिना याचे उत्तम उदाहरण आहे. त्या महिन्यात अंतिम वर्षाच्या परीक्षा झाल्या. त्याच महिन्यात मराठवाड्यात सोयाबीनची काढणी असते. आणि त्याच महिन्याच्या मध्यास लातूर व लगतच्या जिल्ह्यांत अतिवृष्टी होऊन काढलेले व उभे सोयाबीन भिजले. परीक्षार्थी घरी होता. घरी असल्यामुळे तो शेतावर होता. ज्या घरात वर्षाचे पीक पाण्यात आहे त्या घरातील मुलाने साठ मिनिटे दूरध्वनीच्या पडद्यावर प्रश्न सोडवीत बसावयाचे, याचा अर्थ केवळ बॅटरी व रेंज यांच्या भाषेत सांगता येत नाही. परीक्षा एरवी नांदेडला किंवा उदगीरला जाऊन दिली असती तर त्या तीन तासांपुरता तरी तो शेतापासून सुटला असता. ऑनलाइन पद्धतीने ती सुटका काढून घेतली. याविषयी लिहिणाऱ्यांनी 'घरबसल्या परीक्षा देण्याची सोय' हा लाभ म्हणून नोंदविला आहे, आणि नोकरी करणाऱ्या किंवा शहरी विद्यार्थ्याच्या बाबतीत तो लाभ खराही असेल.

येथे मराठीतील आत्मकथनांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे, आणि त्यांपैकी दोन याच मातीतली आहेत. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (1979) हे उदगीर परिसरात, बहिणीच्या आश्रयाने वाढलेल्या एका पोरक्या मुलाच्या शिक्षणाची कथा आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (1987) लातूर जिल्ह्यातील धनेगावपासून सुरू होते. त्यास 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या ग्रंथांची वाङ्मयीन थोरवी हा येथील विषय नाही. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावयाचे आहे. सोनकांबळे यांच्या आठवणींत भूक, नात्यातले अवलंबित्व, जात आणि शाळा या चार स्वतंत्र 'अडचणी' नाहीत. एकीशिवाय दुसरीचा अर्थ लागत नाही. शाळेत जाण्यासाठी कोणाच्या तरी घरी राहावे लागते, राहिल्याबद्दल काम करावे लागते, काम केल्याने शाळा बुडते, शाळा बुडल्याने लाज वाटते; अशी ती साखळी आहे. प्रश्नावलीत मात्र 'आर्थिक', 'कौटुंबिक', 'सामाजिक', 'तांत्रिक' असे चार रकाने असतात, आणि विद्यार्थ्याने कोणत्याही एकात खूण करावी अशी अपेक्षा असते. 2020 सालच्या विद्यार्थ्याचा रिचार्ज संपला होता, कारण वडिलांची मजुरी बंद होती. घरात दूरध्वनी एक आणि शिकणारी भावंडे तीन होती. दिवसाचा दीड जीबी डेटा धाकट्याच्या शाळेतच संपत होता. थोरलीच्या लग्नाची बोलणी त्याच उन्हाळ्यात सुरू झाली होती, कारण लग्न कमी माणसांत व कमी खर्चात उरकण्याची संधी टाळेबंदीने दिली होती. यांतील कोणती अडचण 'तांत्रिक'?

यावर असा आक्षेप घेता येईल की, शैक्षणिक पाहणी हे वाङ्मय नव्हे. तिने आत्मकथनाची घनता गाठावी अशी अपेक्षा करणे म्हणजे तराजूने लांबी मोजण्यासारखे आहे. आक्षेप रास्त आहे. पाहणीला संख्या हवी, तुलना हवी, आणि त्यासाठी अनुभव काही प्रमाणात सोलून घ्यावा लागतो. हरकत सोलण्याला नाही. सोललेल्या सालीला फळ म्हणण्याला आहे. लेखाला 'ऑनलाइन अध्यापनाविषयी प्रतिसाद' असे नाव दिले असते तर ही चर्चा उद्भवली नसती.

विद्यार्थ्याच्या मौनाचा अर्थ लावण्यात तर या लेखनाची विशेष फसगत झालेली दिसते. कॅमेरा बंद ठेवणारा, प्रश्न विचारल्यावर उत्तर न देणारा विद्यार्थी 'निष्क्रिय' किंवा 'अनुत्सुक' ठरविला गेला. वर्गातील शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही बोलत नाही. पण त्याचे न बोलणे अध्यापकाला दिसते. तो मान हलवितो, खिडकीबाहेर पाहतो, कधी हसतो, आणि अनुभवी अध्यापक त्यावरून आपले व्याख्यान वळवीत असतो. पडद्यावर उरते ते एक नाव, अनेकदा तेही वडिलांचे किंवा भावाचे, कारण यंत्र त्यांचे. कॅमेरा बंद ठेवण्याचे एक कारण डेटा वाचविणे हे होते, ते लेखांत येते. दुसरे कारण येत नाही. पत्र्याची एकच खोली, मागे झोपलेला आजारी माणूस, भांडी घासण्याचा आवाज, भिंतीवरची तसबीर: या साऱ्यांतून विद्यार्थ्याची जात, त्याचे दारिद्र्य आणि त्याचे घर सहाध्यायांपुढे उघडे पडते. महाविद्यालयाच्या वर्गाचा एक मोठा गुण असा की तेथे प्रत्येकजण आपले घर बाहेर ठेवून येऊ शकतो. इस्त्री केलेला एक सदरा पुरतो. ती सोय ऑनलाइन वर्गाने हिरावली आणि बंद कॅमेऱ्याने ती थोडीशी परत मिळविली. हे मौन म्हणजे अनास्था नव्हे, पुष्कळदा तो स्वाभिमानच होता. 'आवाज येतोय का?' हे त्या दोन वर्षांतील अध्यापकांचे सर्वांत अधिक वेळा उच्चारलेले वाक्य. त्याला आलेल्या 'येतोय सर' या उत्तरावरून वर्ग चालू असल्याचे समजले जाई.

विद्यार्थिनींविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे. अशा लेखांतून 'मुलगे व मुली यांच्या प्रतिसादांत लक्षणीय फरक आढळला नाही' असा निष्कर्ष कधीकधी निघतो आणि तो समाधानाने नोंदविला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) 15 ते 49 वयोगटातील ग्रामीण स्त्रियांपैकी ज्यांनी कधीही इंटरनेट वापरले होते अशांचे प्रमाण देशात 24.6 टक्के होते. ग्रामीण पुरुषांचे 48.7 टक्के. स्वतः वापरता येईल असा भ्रमणध्वनी ग्रामीण स्त्रियांपैकी निम्म्यांहून कमी जणींकडे होता. महाविद्यालयात जाणारी मुलगी या सरासरीहून वरच्या स्थितीत असणार हे मान्य करूनही, ज्या मुलीच्या हातात फॉर्म भरण्यापुरते यंत्र आले तिचा व मुलाचा प्रतिसाद सारखा निघाला, यावरून दोघांची स्थिती सारखी होती असे म्हणता येत नाही. सारखे होते ते यंत्र हाती असण्याचे ते दहा मिनिट. शिवाय जी मुलगी 2020 च्या उन्हाळ्यात लग्न होऊन वर्गाबाहेर गेली ती 2021 च्या पाहणीत 'विद्यार्थिनी' या संज्ञेतच बसत नव्हती.

वर्तमानपत्रांनी या विषयाची एक दुसरीच प्रतिमा रूढ केली: रेंजसाठी झाडावर चढलेला किंवा टेकडीवर झोपडी बांधून बसलेला विद्यार्थी. अशी छायाचित्रे देशभरातून आली आणि ती खोटी नव्हती. पण त्यांनी कष्टाला पराक्रमाचे रूप दिले. झाडावर चढणारा विद्यार्थी कौतुकास पात्र ठरला. ज्याने चढण्याचा नाद सोडून दिला व उसाच्या फडाकडे किंवा बांधकामावर वाट धरली, त्याचे छायाचित्र निघाले नाही. संशोधनपर लेखांच्या प्रस्तावनांत ही वृत्ते अलंकारासारखी वापरली गेली आहेत, ते बरे झाले नाही.

न्याय्य विवेचनासाठी हेही सांगितले पाहिजे की, काही गोष्टी या लेखनाने नेमक्या टिपल्या आहेत. ध्वनिमुद्रित व्याख्यान पुन्हा पुन्हा ऐकता येणे हा मराठी माध्यमातून आलेल्या व इंग्रजी परिभाषेने बुजलेल्या विज्ञान-वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला खराच आधार वाटला. केंद्राच्या 'स्वयम्'सारख्या मंचावरील सामग्री बव्हंशी इंग्रजीत असताना या दोन जिल्ह्यांतील अनेक अध्यापकांनी स्वतःच्या खर्चाने, घरातील भिंतीलाच फळा करून, मराठीत व्याख्याने मुद्रित केली. त्यांतील काही अजूनही पाहिली जातात. एरवी देगलूर किंवा अहमदपूर येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाचे व्याख्यान ऐकण्याची संधी विरळाच मिळे. त्या काळात ती घरी मिळाली. यांचा उल्लेख करताना लेखकांच्या भाषेलाही जिवंतपणा येतो, कारण येथे ते प्रत्यक्ष पाहिलेले सांगत आहेत.

या नोंदींच्या उणिवेचे मोल मात्र विद्यार्थ्यांनाच द्यावे लागले. 2020 मध्येच राज्यातील कृषी शिक्षण घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांवर 'प्रमोटेड कोविड-19' अशी अक्षरे छापली गेली व ओरड झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. 2021 मध्ये तामिळनाडूत एका खासगी बँकेच्या नोकरभरतीच्या जाहिरातीत त्या वर्षी उत्तीर्ण झालेले उमेदवार अपात्र असल्याचे प्रसिद्ध झाले. ती छपाईची चूक होती असा खुलासा मागाहून आला. चूक असली तरी ती कोणत्या समजुतीतून सहज घडू शकली हे उघड आहे. 'कोरोना बॅच' हा शब्द नांदेड-लातूरच्या गल्ल्यांतही थट्टेने रूढ झाला. या थट्टेला उत्तर देण्याचे सामर्थ्य केवळ एका गोष्टीत होते: त्या विद्यार्थ्यांनी काय परिस्थितीत काय शिकून घेतले याची सविस्तर, विश्वासार्ह नोंद. टक्केवारीच्या वर्तुळाकृतीत ते सामर्थ्य नाही. उलट 'बहुसंख्य विद्यार्थ्यांना विषय नीट समजला नाही' हा पाहणीतील निष्कर्ष संदर्भावाचून उद्धृत झाला की थट्टेलाच शास्त्राचा आधार मिळतो.

ही नोंद अजूनही करता येण्यासारखी आहे, पण दिवस फार नाहीत. तिच्यासाठी नवे यंत्र नको, जुनी कागदपत्रे पुरतील. 2019-20 मध्ये प्रथम वर्षात प्रवेश घेतलेल्यांची यादी प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात आहे, आणि 2022 मध्ये अंतिम वर्षाचे परीक्षा अर्ज भरणाऱ्यांचीही आहे. दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की मध्ये गळालेली नावे आपोआप पुढे येतात. 2020 च्या प्रवेशांसाठीही तसेच करता येईल. ज्यांना दुवा पोहोचला नाही ते विद्यार्थी या दोन याद्यांच्या फरकात सापडतील. त्यांतील काहींकडे प्रत्यक्ष जाऊन, त्यांच्या बोलीत, त्यांना हवे तितके बोलू देऊन कथने उतरवून घेणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधाचे काम आहे. किनवटच्या कोलाम-गोंड वस्त्यांवर, बंजारा तांड्यांवर आणि नांदेड शहरातील उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांत ते निरनिराळ्या भाषांतून करावे लागेल. मराठी विभागाने एकट्याने ते अंगावर घेऊ नये. वर्गांचे व्हॉट्सअॅप गट हे त्या काळाचे अस्सल दस्तऐवज आहेत. कोणत्या दिवशी किती वाजता कोणी 'सर, पिंक पुन्हा पाठवा' असे घाईत चुकीचे टंकले, त्यावर कोण हसले, आणि कोण त्या दिवसानंतर गटावर पुन्हा कधीच बोलले नाही, हे सारे तेथे तारीखवार आहे. जुने दूरध्वनी मोडीत निघत आहेत आणि त्यांबरोबर हे गटही पुसले जात आहेत. ज्या विभागांना ते जतन करावयाचे असतील त्यांनी विद्यार्थ्यांची लेखी अनुमती घेऊन, नावे गाळून, याच शैक्षणिक वर्षात आरंभ करावा.